पुराचे पाणी आणि साठ लिटर डिझेल

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

"नदी दारात हाय, आन् घागरीत थेंब न्हाई." ऑगस्ट २०१९ मध्ये माझी आजी हे वाक्य बोलली तेव्हा मी सातवीत होते. शिरोळ तालुक्यातील आमचे गाव त्या वेळी तीन बाजूंनी पाण्याने वेढले गेले होते. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा हा तालुका. येथे पुराची सवय सर्वांनाच आहे. नावा कोठून येतील, जनावरे कोठे हलवायची, धान्याची पोती माळ्यावर कशी चढवायची, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु पाण्याने वेढलेल्या गावात प्यायला पाणी नसावे, याची तयारी मात्र कोणाचीच नव्हती.

याचे कारण पाणी नव्हतेच. कारण होते वीज.

माझे वडील ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचे काम करतात. मोटर चालू करणे, टाकी भरणे, गल्लीवार व्हॉल्व्ह सोडणे, टीसीएल पावडर टाकणे हे त्यांचे रोजचे काम. गाव त्यांना 'पाणीवाले आण्णा' म्हणते. त्या दिवसांत आमच्या उंबऱ्यावर सकाळ-संध्याकाळ माणसे उभी असत. "आण्णा, पाणी कवा सोडताय?" आणि आण्णांचे ठरलेले उत्तर, "लाइट आली की." लाइट नऊ दिवस आली नाही.

ग्रामपंचायतीकडे जनरेटर नव्हता असे नाही. होता, ताडपत्रीखाली झाकलेला. त्याची बॅटरी उतरलेली होती. कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, तेव्हा तो सुरू झाला. टाळ्या पडल्या. पण आण्णांनी मोटरचे बटण दाबताच तो गुदमरला आणि बंद पडला. तीन वेळा असे झाल्यावर सर्वांनी नाद सोडला. लोकांनी पत्र्यावरून गळणारे पावसाचे पाणी धरले. काहींनी पुराच्याच पाण्यात तुरटी फिरवली. माझ्या आजीने तेच पाणी प्यायले. सहाव्या दिवशी जुलाबाने ती इतकी गळून गेली, की तिला नावेतून दवाखान्यात न्यावे लागले. आजी वाचली. परंतु नावेच्या टोकाला उभे असलेले आण्णा त्या दिवशी जे गप्प झाले ते बरेच दिवस गप्पच राहिले. गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या आईची ही अवस्था.

मी अभियंता नाही, कला शाखेची विद्यार्थिनी आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण गेल्या दोन वर्षांत जे थोडेफार वाचले आणि आण्णांच्या वहीतून जे शिकले, त्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. संकटकाळात गावाला लागणारी वीज फार थोडी असते. ती मोजता येते, आणि आधी ठरवले तर मिळवताही येते. उणीव पैशाची असते त्याहून अधिक आधी ठरवण्याची असते.

वीज का जाते, आणि का घालवली जाते?

पुरात वीज 'जाते' असे आपण म्हणतो. वास्तविक पुष्कळदा ती मुद्दाम बंद केली जाते, आणि ते योग्यच असते. महावितरणच्या उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची वाहिनी निघते, तिला फीडर म्हणतात. एका फीडरवर अनेक गावे असू शकतात. गावाजवळ आपण ज्याला 'डीपी' म्हणतो ते रोहित्र हा दाब उतरवते आणि वीज घरात येते. डीपीच्या फ्यूजपेटीत किंवा घरातील मीटरमध्ये पाणी शिरले आणि तारांत वीज असली, तर त्या पाण्यात पाय ठेवणारा माणूस जगत नाही. म्हणून पाणी चढू लागले की फीडरच बंद करतात.

पाणी उतरल्यावरही बटण दाबून वीज येत नाही. वायरमनना वाहिनी पायी तपासावी लागते. वाकलेले खांब सरळ करायचे, रोहित्राच्या तेलात पाणी शिरले आहे काय ते पाहायचे, पेट्या वाळवायच्या. हे काम वरून खाली होते. आधी मोठे उपकेंद्र, मग फीडर, मग डीपी, मग गल्ली. अर्थात टोकाच्या गावाचा क्रम शेवटी लागतो. यात कोणाचा द्वेष नसतो. जाळ्याची रचनाच तशी आहे.

हे केवळ पुराचे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. शहरांचीही यातून सुटका नाही. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईवर पूर नव्हता, वादळ नव्हते. तरी वीज वाहून आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या.

मुंबईच्या त्या घटनेच्या वेळी 'आयलंडिंग' हा शब्द वर्तमानपत्रांतून वाचायला मिळाला. मोठे जाळे कोसळू लागले की शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचे आणि आपल्याजवळच्या वीजकेंद्रांवर एखाद्या बेटासारखे चालू राहायचे, अशी ती व्यवस्था. मुंबईसाठी ती पूर्वीपासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही, हा भाग निराळा. मला त्यातली कल्पना महत्त्वाची वाटते. आमचे गाव पुरात पाण्यातले बेट होतेच. मग विजेच्या बाबतीतही आठ-दहा दिवस बेट होऊन राहण्याची तयारी त्याने का करू नये?

एका तारेवर किती संसार?

वीज म्हणजे दिवा आणि पंखा, असा आपला समज असतो. पुरात तो पार खोटा ठरतो. वीज नसली की नळाला पाणी नाही. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, मग तेथेही डिझेल लागते. ते डिझेल आणावे तर पेट्रोल पंपाचे यंत्रही विजेवरच चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. दूध संकलन केंद्रातील शीतटाकी बंद पडली की दूध ओतून द्यावे लागते. आणि सर्वांत मजेची, खरे तर दुःखाची गोष्ट अशी, की आमच्याकडे मदत म्हणून गव्हाची पोती आली आणि गिरण बंद! बायकांनी ते गहू शिजवून खाल्ले.

यातील प्रत्येक गोष्ट दुसरीवर टेकलेली आहे. म्हणून संकटाच्या वेळी 'सगळे चालू ठेवू' असे म्हणणारा काहीच चालू ठेवू शकत नाही. आधी काय आणि नंतर काय, याचा क्रम लावावा लागतो. आमच्यापुरता मी तो असा लावला आहे : पहिले पिण्याचे पाणी, दुसरे आरोग्य केंद्र, तिसरे संपर्क, चौथे निवाऱ्याच्या शाळेतील दिवे. बाकी सर्व त्यानंतर.

आण्णांच्या वहीतला हिशेब

आता मुख्य प्रश्न. एवढ्यासाठी वीज किती लागेल? तीन हजार वस्तीचे गाव धरू. आणीबाणीत पिणे, स्वयंपाक आणि किमान स्वच्छता यांसाठी माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, असे प्रमाण मदतकार्यात सर्वत्र वापरले जाते. म्हणजे रोज ४५ हजार लिटर.

नदीकाठचे जॅकवेल पुरात बुडणारच. म्हणून उंचावरची जुनी विहीर हाच आधार. तिच्यावर ५ अश्वशक्तीची मोटर आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा पाच म्हणजे ३,७३० वॅट. मोटरमधील घट धरून पावणेपाच किलोवॅट समजा. आण्णांनी टाकीत काठी बुडवून मोजले आहे, की ही मोटर तासाला सुमारे १५ हजार लिटर पाणी टाकीत चढवते. म्हणजे ४५ हजार लिटरला तीन तास पुरेत. एवढ्या भाराला जनरेटर तासाला साधारण दोन लिटर डिझेल खातो. तीन तासांचे सहा लिटर. दहा दिवसांचे साठ लिटर!

हा आकडा निघाला त्या रात्री मी आणि आण्णा कितीतरी वेळ वहीकडे बघत बसलो. ते एवढेच म्हणाले, "साठ लिटर? एका ट्रॅक्टरच्या टाकीएवढं?" तीन हजार माणसांची दहा दिवसांची तहान आणि आमची हतबलता यांच्यामध्ये तीन कॅनभर डिझेल उभे होते.

इतर गरजाही अशाच छोट्या आहेत. एक मोबाइल पूर्ण भरायला घट धरून २५ वॅट-तास लागतात असे माना. दोनशे मोबाइलांना पाच युनिटे झाली. ती त्याच तीन तासांत, त्याच जनरेटरवर, शाळेच्या ओट्यावर पाट्या लावून देता येतील. आरोग्य केंद्रातील लसींचा फ्रीज बर्फाच्या अस्तराचा असतो. त्याला चोवीस तास वीज लागत नाही. दिवसातून सुमारे आठ तास मिळाली तरी तो थंडी धरून ठेवतो. गिरणीची दहा अश्वशक्तीची मोटर मात्र आमच्या हिशेबात बसत नाही. तिला उत्तर वेगळे आहे. गावाला गव्हाऐवजी पीठ पाठवा, असे तहसील कार्यालयाला पावसाळ्यापूर्वीच लेखी कळवून ठेवावे. वीज वाचवण्याचा हाही एक मार्ग आहे.

आणि ज्याला डिझेल अजिबात लागत नाही असा एक उपाय तर डोळ्यांसमोरच होता. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. आमच्यापर्यंत ती फूग यायला वेळ लागतो. ३९ फुटांची बातमी आली की गावाची टाकी काठोकाठ भरून घ्यायची आणि घरोघरी भांडी भरा म्हणून लाऊडस्पीकरवरून सांगायचे. आमची टाकी ५० हजार लिटरची आहे. पहिला दिवस फुकटात निघाला!

जनरेटर आणि सौर पॅनेल : दोन गैरसमज

मग आमचा जनरेटर का गुदमरला? बटण दाबताच मोटर क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. बैलगाडी चालू ठेवायला जोर कमी लागतो, पण चिखलातून पहिला झटका मारायला बैलांचा कस लागतो, तसेच हे. म्हणून पाच किलोवॅटच्या मोटरला पाच किलोवॅटचा जनरेटर पुरत नाही. तो पंधरा केव्हीएच्या आसपासचा हवा, किंवा मोटरला हळूहळू उचलणारा स्टार्टर हवा. आमचा जनरेटर कार्यालयातील दिवे-पंख्यांसाठी घेतलेला होता. त्याचा दोष नव्हता. मोटर त्यावर चालेल की नाही, हे पूर येण्याआधी कोणी एकदाही करून पाहिले नव्हते.

याहून गंभीर गोष्ट अशी. जनरेटर थेट वायरिंगला जोडला आणि मधे चेंजओव्हर स्विच नसला, तर ती वीज उलटी डीपीत जाते आणि तेथून ११ हजार व्होल्ट होऊन वाहिनीत शिरते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात जातो. आपल्या घरातील उजेडासाठी दुसऱ्याच्या घरातील दिवा विझू नये, एवढ्यासाठी तो एक स्विच अत्यावश्यक आहे. तसेच जनरेटर बंद खोलीत कधीही लावू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस मारतो.

दुसरा गैरसमज सौर ऊर्जेविषयी. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या छपरावर पॅनेल आहेत म्हणजे लाइट गेली तरी काम भागेल, असे वाटते. तसे नाही. महावितरणच्या जाळ्याला जोडलेली आणि बॅटरी नसलेली सौर यंत्रणा जाळे बंद पडताच आपोआप बंद होते. कारण तेच, खांबावरच्या वायरमनचा जीव. तिला बॅटरी व योग्य इन्व्हर्टर असेल तरच ती बेटासारखी चालते. त्यातही पुराच्या दिवसांत आभाळ झाकलेले असते आणि वीज थोडीच मिळते. दिवे, मोबाइल आणि वायरलेस यांपुरती ती उत्तम. मोटरसाठी तिच्यावर विसंबू नये. जेथे विजेवाचून भागते तेथे तर वीज शोधूच नये. हातपंप दुरुस्त ठेवणे हीसुद्धा ऊर्जेचीच योजना होय.

हे काम कोणाचे?

वीज महावितरणची, आपत्ती जिल्हाधिकाऱ्यांची, मग ग्रामपंचायतीने काय करायचे, असे पुष्कळ जण विचारतात. मलाही तसेच वाटे. पण राज्यशास्त्राच्या तासाला ७३वी घटनादुरुस्ती शिकताना अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांची यादी समोर आली. त्यात अकरावा विषय पिण्याचे पाणी, बारावा इंधन आणि चारा, चौदावा वीज वितरणासह ग्रामीण विद्युतीकरण आणि पंधरावा अपारंपरिक ऊर्जासाधने. ही घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. कोणता विषय पंचायतींकडे किती सोपवायचा हे राज्याचे विधिमंडळ ठरवते, हे खरे. तरी ऊर्जा हा पंचायतीच्या विचारकक्षेतला विषय आहे, हे घटनेने मानले आहे.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा याहून स्पष्ट आहे. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा, असे तो सांगतो. स्थानिक संस्थांनी आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवावेत आणि आपत्तीची साधने वेळेला हाताशी येतील अशा स्थितीत राखावीत, हे त्यांचे कर्तव्यच त्यात नमूद आहे. ताडपत्रीखालचा, बॅटरी उतरलेला जनरेटर कायद्याच्या या वाक्यात बसत नाही.

मात्र हे कर्तव्य एकट्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात बांधून चालणार नाही. सरपंचांना केव्हीए म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि ज्या अभियंत्याला ते ठाऊक आहे त्याला आमची उंचावरची विहीर माहीत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवण्याचे काम तालुक्याने व जिल्ह्याने केले पाहिजे. फार काही नको, एका पानाचा आराखडा पुरे. त्यावर एवढ्याच गोष्टी असाव्यात : कोणत्या चार ठिकाणी वीज लागणार आणि कोणत्या क्रमाने, प्रत्येक ठिकाणी किती वॅट, किती तास, जनरेटर कोठे ठेवायचा, तोही २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर, डिझेल किती, कोणाच्या ताब्यात आणि ते कोणत्या पाणीपातळीला आणायचे, चेंजओव्हर स्विच आहे काय, यंत्र चालवणाऱ्या दोन माणसांची नावे, कारण एक आजारी पडू शकतो, आणि शेवटी, दरवर्षी मे महिन्यात भार लावून चालवून पाहिल्याची तारीख. ही शेवटची ओळ नसेल तर वरच्या सर्व ओळी कागदावरच राहतील.

ग्रामसभेत

गेल्या १ मे रोजी मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत बोलले. हातात आण्णांच्या वहीतून उतरवलेले ते एक पान होते. मागून कोणीतरी म्हणाले, "आण्णाची पोरगी शिकली म्हनायची." हसू आले, पाय कापत होते. सरपंचांनी पान वाचले आणि विचारले, "साठ लिटरच का?" मी हिशेब सांगितला. मग दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण २०१९ सर्वांना आठवत होते.

सर्व काही झाले असे मी म्हणणार नाही. मोठा जनरेटर अजून आलेला नाही. त्याचा प्रस्ताव विकास आराखड्यात लिहून घेतला आहे. पण विहिरीवरच्या मोटरला नवा स्टार्टर आणि चेंजओव्हर स्विच बसला. गावातील एका शेतकऱ्याने आपला पंधरा केव्हीएचा जनरेटर पुराच्या काळात देण्याचे लिहून दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात आण्णांनी त्यावर मोटर चालवून पाहिली. जनरेटर एकदा दबला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि मग त्याने मोटर उचलली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आजी खाली काठी टेकून उभी होती. आण्णांनी वहीत तारीख लिहिली.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पदवी घेऊन काय करणार, असे गावात विचारतात तेव्हा मला अजून नीट उत्तर देता येत नाही. परंतु वर्गातील एक अनुसूची आणि वडिलांची एक वही शेजारी ठेवून वाचता आली, याचे समाधान आहे. मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांची नावे आता मतदार यादीत आली आहेत. म्हणजे आपण सर्व आपापल्या ग्रामसभेचे सभासद आहोत. सुट्टीत गावी गेल्यावर एकदा ताडपत्री उचलून पाहा. जनरेटर असेल तर तो सुरू होतो का ते विचारा. सुरू झाला, तर त्याला मोटर उचलते का ते विचारा. विचारायला पावसाळ्यापूर्वीचे दिवस बरे.